कार्बन पार्टीची बाजू

त्यांची बहुतेक गाणी उचललेली होती, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कोणी मला कोंडीत पकडायला नको. इंग्रजी शब्द ते कॅसेट ऐकून देवनागरीत लिहून घेत, अर्थ एकालाही लागत नसे, आणि न कळलेल्या जागी गाणारा बिनधास्त काहीही बडबडायचा. गिटार वाजवताना तोंड वेडंवाकडं करायची ढबसुद्धा कॅसेटच्या वेष्टनावरच्या फोटोतून घेतलेली. हे सगळं मला मान्य आहे. तरीही डिचोलीचा तो रॉक बँड नकल्यांचा नव्हता, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. आता मनातल्या मनात म्हणते, कारण मोठ्याने म्हणायची सोय मी स्वतःच्याच तोंडाने घालवली आहे.

बँडचं खरं नाव कोणी घेत नसे. लोक त्यांना 'कार्बन पार्टी' म्हणत. म्हणजे वरच्या कागदावर विलायतेतला कोणीतरी लिहितो आणि खालच्या कागदावर हे उमटतात. तिघंजण होते. ड्रम वाजवायचा तो माझा आतेभाऊ, त्याला मी दादा म्हणायचे. खाणीच्या ट्रकांच्या गॅरेजात तो फिटर होता. गाणं आणि गिटार डिचोलीतल्या पोदेराच्या मुलाकडे. बापाच्या भट्टीतले पाव-उंडे तो पहाटे सायकलवरून घरोघर पोचवायचा आणि संध्याकाळी गिटार गळ्यात अडकवायचा. तिसरा कोल्हापूरकडचा वेल्डर. तो जाड तारांची गिटार वाजवायचा, आणि ड्रमच्या झांजांचे स्टँड त्यानेच गॅरेजातल्या भंगारातून जोडले होते.

मी तेव्हा डिचोलीच्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होते आणि मये गावात वडिलांच्या घरी राहत होते. दादाचं घर पेडण्याच्या बाजूला, एका गावात. नोकरीसाठी तो आठवडाभर आमच्याकडे असायचा. रविवारी बँडची तालीम त्या गॅरेजात चाले आणि दादाचा डबा पोचवायच्या निमित्ताने मी तिथे जाऊन बसायचे. खनिजाची तांबडी धूळ ड्रमच्या चामड्यावर बसलेली असे. पहिला ठोका पडला की ती अशी उडायची की वेल्डर खोकून खोकून बेजार व्हायचा. मग दादा ओल्या फडक्याने ड्रम पुसायचा आणि पुन्हा सुरुवात.

टवाळी चहूबाजूंनी होई. म्हापशाचे लोक म्हणत, हे डिचोलीवाले खनिजाच्या ट्रकात बसून विमान चालवायला निघालेत. पणजीचे लोक तेवढंही म्हणत नसत, नुसते हसत. आमच्या शाळेतले एक गुरुजी मला विचारायचे, "काय बाई, तुमच्या भावाने या आठवड्यात काय गिरवलं?" मी चिडायचे. माझा राग नाकावर असतो हे गावाला माहीत होतं, त्यामुळे लोक मुद्दाम काड्या घालत. दादा मात्र कधी चिडला नाही. कोणी तोंडावर म्हटलं, "हे टेपेवरून घेतलंस ना?", की तो मान हलवून म्हणायचा, "व्हय, टेपेवयल्यान." मला वाटायचं, याच्या अंगात पाणीच नाही.

एक गाणं मात्र त्यांचं स्वतःचं होतं. खाणीवर ट्रक चालवणाऱ्या माणसाच्या सदऱ्याचं गाणं. बायको तो धुते, आई धुते, तांबडा रंग काही जात नाही, एवढीच गोष्ट. गाण्याची बोली आमच्या गावाकडची. मधेच गिटार थांबायची, गाणं थांबायचं आणि नुसते ड्रम वाजायचे. ठोके जड आणि दोन ठोक्यांच्या मधे जरा जास्तच जागा, असे की पुढचा ठोका येतो की नाही म्हणून ऐकणारा पुढे सरकून बसे. पणजीतल्या जाणकारांनी नेमकं यावरच बोट ठेवलं होतं. म्हणे एका विलायती बँडच्या रेकॉर्डवर हुबेहूब असाच तुकडा आहे. असेलही. जगात ढोल वाजवणारी माणसं काय आमच्याकडेच आहेत का?

पण तो तुकडा कुठला, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. लहानपणी शिगम्याला मी आत्याच्या गावी असायचे. देवळासमोरच्या ज्या मोकळ्या जागेत शिगम्याचा मेळ जमतो तिला मांड म्हणतात. मेळ सगळ्या गावात फिरून शेवटच्या दिवशी मांडावर परत येतो. तिथे ताशे थांबतात, कांसाळ्यांच्या झांजा थांबतात आणि एकच ढोल वाजतो. ती चाल वाजली की देव मांडावरून उठला असं मानतात. त्या ढोलाचा मान आत्याच्या घराकडे, पिढ्यानपिढ्या. ती चाल दुसरीकडे कुठेही वाजवायची नाही, सरावालासुद्धा नाही. घरातले मुलगे ती बापाशेजारी बसून मांडीवर बोटांनी शिकतात, आवाज न करता. वर्षातून एकदाच ती ऐकू येते, आणि एकदा ऐकलेला माणूस ती विसरत नाही.

तर ती चाल दादाने रॉकच्या गाण्यात घातली होती. गॅरेजात ती वाजली तशी मी बसल्या जागची उठून उभी राहिले. तालीम संपल्यावर मी त्याला म्हटलं, "दादा, ही मांडाची चाल ना रे?" तो डब्यातली भाकरी मोडत होता. म्हणाला, "तुका दिसता तशें. सुकटाची कोशिंबीर कोणें केल्या?" मी म्हटलं, मीच केली. तो म्हणाला बरी झालीय, आणि तो विषय तिथेच राहिला. मला वाटलं, हा नम्रपणा. शिकलेल्या माणसाला समोरच्याचं गप्प बसणं नेहमी नम्रपणाच वाटतो.

ती वर्षं भाषेच्या वादाची होती. मराठी की कोंकणी, यावरून रस्त्यावर झाडं आडवी पडली, बस बंद झाल्या, आमच्या शाळेत एका बाकावर बसणाऱ्या दोघी शिक्षिका एकमेकींशी बोलेनाशा झाल्या. मी मराठीच्या बाजूने, अगदी हिरिरीने. आणि त्या सदऱ्याच्या गाण्याचे हाल दोन्हीकडून झाले. मराठीवाले म्हणायचे, ही कोंकणी, आमच्या कार्यक्रमात नको. कोंकणीवाले म्हणायचे, ही अर्धी मालवणी, असली कोंकणी आम्हाला नको. इंग्रजी गाण्यांना मात्र दोघांचीही ना नव्हती. म्हणून गोवा घटक राज्य झालं त्यानंतर डिचोलीत एका शाळेच्या मैदानावर आनंदाचा कार्यक्रम ठरला, तेव्हा करमणुकीसाठी कोणाला बोलवायचं यावर घोळ घालून घालून शेवटी सगळ्यांचं एकमत कार्बन पार्टीवर झालं. विलायतेची नक्कल कोणाच्याच भावना दुखवत नव्हती.

सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. शेजारच्या तालुक्यांतली काही वडीलधारी माणसं पाहुणे म्हणून बोलवायची होती, तेव्हा पेडण्यातून आत्याच्या गावच्या गावकरांना मीच बोलावणं पाठवलं. गावकर म्हणजे देवळाचा आणि गावाचा कारभार ज्यांच्या हाती असतो ती घराण्यातली माणसं. आपल्या गावच्या मुलाचं कौतुक त्यांनी डोळ्यांनी बघावं, असं मला फार वाटत होतं. ते आले. पांढरे सदरे, काळ्या टोप्या, पहिल्या रांगेत बसले.

बँडने इंग्रजी गाणी वाजवली, टाळ्या पडल्या. कार्यक्रम तिथे संपायचा होता. मी माईकवर म्हटलं, "आता आपल्या मुलांचं स्वतःचं गाणं." दादाने ड्रममागून मान हलवली. नको. मी हसून पुन्हा म्हटलं, "ड्रमवाले लाजताहेत, टाळ्या होऊ द्या." टाळ्या झाल्या. पोदेराच्या मुलाने गिटार धरली आणि दादाला वाजवावं लागलं. पहिल्या रांगेत काय चाललंय ते मी पाहिलं नाही. मी गाणं ऐकत होते.

मग पणजीहून आलेले प्रमुख पाहुणे बोलायला उठले. संगीतातले मोठे जाणकार म्हणून त्यांचा लौकिक होता आणि बोलायची पद्धतही गोड होती. मुलांची मेहनत चांगली आहे म्हणाले. मग म्हणाले, "शेवटच्या गाण्यातला ड्रमचा तुकडा तर फारच हुबेहूब. मूळ रेकॉर्ड माझ्या घरी आहे, त्यामुळे मला जास्तच मजा आली." मैदान हसलं. आमचे गुरुजी तर मांडीवर थाप मारून हसले. दादाही हसला. त्याचं ते हसणं बघून माझं डोकं फिरलं.

आभार मानायला माईक माझ्याकडे आला. मी आभार मानलेच नाहीत. मी म्हटलं, "पाहुण्यांच्या घरी कुठलीही रेकॉर्ड असो. हा तुकडा विलायतेतून आलेला नाही. तो आमच्या मांडावरचा आहे." आणि मी गावाचं नाव घेतलं. शिगम्याच्या शेवटच्या दिवशीची चाल, अमक्या घराच्या ढोलाची, तीच ही, विश्वास नसेल तर पहिल्या रांगेत गावकर बसलेत, त्यांना विचारा. कर्ण्यांवरून सगळं बाजारपेठेपर्यंत गेलं. नक्कल नक्कल म्हणून ज्यांची टर उडवता त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा जुना ताल आहे, असंही काहीतरी मी म्हटलं. काय टाळ्या पडल्या म्हणता! पाहुण्यांनी हात जोडले. आयुष्यात एवढ्या टाळ्या मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

गावकर चहा न घेता गेले. दादा वायरी गुंडाळत होता, त्याने वर पाहिलं नाही. मला वाटलं, भरून आलंय त्याला.

दुसऱ्या दिवशी आत्याचा निरोप आला: सोमवारी सकाळी मांडावर बसायचं आहे, तूही ये. मी पोचले तेव्हा आत्या पडवीत तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता तिने सांगितलं की दादाला मांडावर उभं करणार आहेत. चाल बाहेर वाजवली असेल तर ढोल या घरातून जाणार.

"त्यांना कसं कळलं?" असं मी विचारलं. खरंच विचारलं! एवढा मूर्ख प्रश्न मी वर्गात कोणाला माफ केला नसता.

आत्याने सूप खाली ठेवलं आणि ती सांगू लागली. आदल्या वर्षी गावातल्याच एका वाड्यावरच्या लग्नात दादाच्या बँडने तेच गाणं वाजवलं होतं. नुसते ड्रम सुरू झाले तसे पंगतीतले सगळे पुरुष हात धुवायला उठले. निम्म्यांच्या पानांवर भात तसाच होता. सगळ्यांत म्हातारे गावकर तर विहिरीपर्यंत गेले आणि ड्रम थांबल्यावरच परतले. मग सगळे पुन्हा येऊन जेवायला बसले. कोणी कोणाला एक अक्षर विचारलं नाही.

"सगळ्यांक खबर आसली, बाय," आत्या म्हणाली. "कोणीच बोलूक नाय. तूंच बोललें."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लोक टेपेवरची नक्कल म्हणत होते म्हणून दादाला ती चाल वाजवता येत होती. त्या शिवीच्या आडोशाला तो बसला होता आणि गावही त्याला बसू देत होतं. माझ्या दृष्टीने तो अपमान होता. त्याच्या दृष्टीने ती सवलत होती. मी गावकरांना शंभर माणसांत साक्षीला बोलावलं, तेव्हा त्यांना न ऐकल्यासारखं करायची वाटच उरली नाही. एकदा चारचौघांत उच्चारलेल्या गोष्टीला मांडावर उत्तर द्यावंच लागतं.

मांडावर पुरुष गोल बसले होते. आम्ही बायका देवळाच्या पायरीपाशी उभ्या. मधे पाटावर नारळ ठेवला होता. कोणीतरी म्हणालं, देवाला कौल लावूया. म्हाताऱ्या गावकरांनी हात वर केला. "देवाक त्रास कित्याक? तो हांगा उबो आसा, त्याकाच विचारूंया." मग त्यांनी दादाला नारळावर हात ठेवायला सांगितलं आणि विचारलं, "त्या गाण्यांत मदीं जें वाजयतय, तें तू विलायती टेपेवयल्यान घेतलां. खरें न्हय रे?"

प्रश्न असा विचारला होता. तू मांडाची चाल बाहेर वाजवलीस का, असा विचारलाच नाही. उत्तर त्यांनी प्रश्नातच ठेवून दिलं होतं. दादाने ते फक्त उचलायचं होतं.

दादाला वेळ लागला. त्याचा हात नारळावर होता. मी तोंड उघडलं, तशी आत्याने माझं मनगट इतक्या जोरात दाबलं की बांगडी पिचली.

"व्हय," दादा म्हणाला. "टेपेवयल्यान."

"आनी हें चेडूं सांगता तें?" चेडूं, म्हणजे पोरगी, म्हणजे मी.

"तेका वाजपातलें कायच कळना."

"जालें तर," म्हातारे म्हणाले, आणि सगळे उठले. ढोल त्याच घरात राहिला. त्या गोलात बसलेल्या प्रत्येकाला तो खोटं बोलतोय हे ठाऊक होतं, आणि प्रत्येक जण घरी जाताना त्याच्या पाठीवर हात ठेवून गेला. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. रागानेही नाही.

संध्याकाळी बसला पोचवायला तो माझ्याबरोबर आला. वाटेत मी रडत म्हटलं, दादा, माझ्यामुळे तू देवासमोर खोटं बोललास. तो म्हणाला, "देवाक ती चाल कळटा. फकत मनशांक सांगपाचें आसलें." मग थोडं चालून म्हणाला, "तुवें बऱ्याक म्हणूनच केलें." त्याने मला दोन शिव्या दिल्या असत्या तर मी आज इतकं लिहीत बसले नसते.

ते गाणं त्यानंतर कधी वाजलं नाही. मांडावरची बातमी डिचोलीला यायला वेळ लागला नाही: खुद्द ड्रमवाल्यानेच नारळावर हात ठेवून सांगितलं की चाल चोरलेली. पणजीच्या पाहुण्यांचं म्हणणं खरं ठरलं आणि मी तोंडघशी पडले. त्याचं मला काही नाही, मी त्याच लायकीची. पण बँडचं काय? जे एक गाणं त्यांचं होतं तेच गेलं. उरलं ते सगळं उसनं. आता ते खरोखरच कार्बन पार्टी झाले, आणि ते तिघांनाही कळत होतं. पोदेराचा मुलगा बोटीवर नोकरीला गेला. वेल्डर गावी परतला. ड्रम गॅरेजात काही दिवस पडून होते. त्यावरची धूळ दादाने पुसली नाही.

नंतर कितीतरी वेळा जुन्या बँडचा विषय निघाला की लोक हसून म्हणत, डिचोलीचे ते नकलाकार आठवतात? मी वाद घालण्यात कधी हार मानलेली नाही, पण तिथे मला मान खाली घालावी लागे. मी त्यांची बाजू घेतली तर दादाने देवासमोर खोटी शपथ घेतली असं होतं. नाही घेतली तर गोव्यातल्या एका चांगल्या गाण्यावर माझ्या देखत माती पडत राहते. दोन्हीकडून दोषी मीच. आता आत्या नाही, दादाही नाही, म्हाताऱ्या गावकरांची पिढी तर केव्हाच गेली. तरी हे लिहिताना मी गावाचं नाव गाळलं, देवाचं गाळलं, माणसांची गाळली. पेडण्यात अशी गावं पुष्कळ आहेत, आणि शोधायला कोणी जाऊ नये.

मांडावरच्या त्या सोमवारनंतर आलेल्या शिगम्याला मी भीतभीतच गेले होते. मेळ परतला, ताशे थांबले. ढोल गळ्यात घेण्याआधी दादाने दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले, देवळाकडे तोंड करून वाकला, क्षणभर तसाच राहिला, आणि मग ढोल उचलला. पुढे दर वर्षी तो तसंच करत राहिला. कोणी कधी विचारलं नाही. त्याचा पुतण्या शेजारी उभा राहून शिकत होता. तो चाल शिकला तसं हेही शिकला.

यंदा ढोल त्या पुतण्याच्या मुलाकडे आला. पहिलीच वेळ. तरणाबांड पोरगा, घाबरलेला, घामाघूम. त्याने ढोलाला हात लावण्याआधी दोन्ही कान धरले, देवळाकडे वाकला आणि मग ढोल गळ्यात घातला. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या नव्या सुनेने सासूला विचारलं, कान कशाला धरले?

"रीत ती," सासू म्हणाली. "पयलीपासून आसा."

पहिल्यापासून नाही. कधीपासून आहे ते मला माहीत आहे. ढोल वाजू लागला, आणि मी या खेपेला तोंड उघडलं नाही.